वाईचा वाडा, न्यू जर्सीच्या कॉम्प्युटरवर

मुलांच्या कॉम्प्युटर गेम्सवरून कुरबुर झाली नाही असा शनिवार इथल्या मराठी घरांत विरळाच. आमच्याही घरी होते. रोज एक तासाचा नियम आहे आणि तो वाकवण्याच्या युक्त्याही आहेत. पण गेल्या वर्षी याच गेममधून एक छंद घरात शिरला आणि आम्ही उभयतां त्यात केव्हा सामील झालो ते कळलेच नाही. वाचकांपैकी कुणाला उपयोग होईल म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची कन्या 'माइनक्राफ्ट' खेळते. २००९ साली लोकांपुढे आलेला हा गेम म्हणजे ठोकळ्यांचे जग. प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, रुंद आणि उंच. त्यात हवे ते बांधा. कन्येने आजोळचा वाईचा वाडा बांधायला घेतला. तो वाडा २०१२ साली विकला गेला, आता तिथे फ्लॅट्स आहेत. कन्येने तो पाहिलेला नाही. आमच्याकडे फोटो तीनच, तेही लग्नातले. त्यांत माणसांच्या गर्दीमागे भिंत जेमतेम दिसते. तेव्हा नकाशा मिळणार तो फक्त आजीकडून, पुण्याला केलेल्या रविवारच्या फोनवर.

ओसरी, माजघर, मागचा आड, चौकातले तुळशीवृंदावन असे सगळे उभे राहिले. गेममध्ये एफ१ दाबले की हात आणि खालची पट्टी नाहीशी होते. एफ२ दाबले की समोरच्या दृश्याचे चित्र कॉम्प्युटरवर साठते. अशी चित्रे आजींना पाठवली. त्यांनी बघितली आणि विचारले, "हे साखरेचे खडे कशाला रचलेत गं?" कन्येचा चेहरा पडला.

मग आम्ही 'गिंप' हा प्रोग्रॅम उतरवून घेतला. बर्कलीच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली तो लिहायला घेतला. तो आजही फुकट मिळतो, आणि तेही राजरोस, कुणाची कॉपी न मारता. त्याच्या 'फिल्टर्स'च्या यादीत 'आर्टिस्टिक' नावाचा भाग आहे. त्यातला 'ऑइलिफाय' हा फिल्टर चित्राला तैलरंगाचे रूप देतो. त्याची रीत साधी आहे. चित्रातला प्रत्येक ठिपका आपल्या शेजारच्या ठिपक्यांकडे बघतो आणि ज्या छटेचे ठिपके सर्वांत जास्त, ती छटा स्वतः घेतो. थोडक्यात, बहुमताचा कारभार! शेजार किती मोठा धरायचा ते आपण ठरवायचे. लहान धरला तर फरक जाणवत नाही, फार मोठा धरला तर सगळ्याचा चिखल होतो.

मधला आकडा धरल्यावर ठोकळ्यांवरची बारीक नक्षी विरघळली, त्यांच्या धारा बोथट झाल्या, उतरते छप्पर आणि सावल्या तेवढ्या राहिल्या. वर 'अप्लाय कॅनव्हास' फिरवून कापडाचा पोत आणला. पण तुळस गेली! एवढ्या मोठ्या चौकात दोन ठोकळ्यांची तुळस, बहुमतापुढे तिचे काय चालणार? परदेशात राहणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. उपाय मात्र आहे. मूळ चित्र खालच्या थरावर ठेवायचे, त्याची प्रत वरच्या थरावर घेऊन फिल्टर त्या प्रतीला लावायचा. मग वरच्या थराला मास्क जोडून तुळशीपुरता काळा रंग फिरवायचा, की तिथे खालचे मूळ चित्र दिसू लागते. २०२५ साली आलेल्या गिंपच्या तिसऱ्या आवृत्तीत तर लावलेला फिल्टर मागाहून बदलता किंवा काढताही येतो.

हे चित्र पाहिल्यावर आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ओसरी अगदी आमचीच. पण माजघरात एवढा उजेड कुठला? भर दुपारी दिवा लावावा लागायचा आम्हाला." कन्येने त्याच दिवशी दोन खिडक्या बुजवल्या. तेव्हापासून रविवारचा फोन पाच मिनिटांत संपत नाही. फडताळ, कोनाडा, उंबरा हे शब्द आम्ही घरात कितीदा उच्चारले असतील, पण ते तिच्या तोंडी बसले ते बांधताना.

फिल्टर एका बटणाचा खेळ आहे, त्यात कला कसली, असे कुणी म्हणेल. बटण कुणीही दाबेल हे खरे. पण चौकात नेमके कुठे उभे राहायचे, गेममधला सूर्य कलेपर्यंत थांबायचे का, आणि काय पुसू द्यायचे नाही, हे बटणाला कळत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे आजींनाही वाडा ओळखू आला तो चित्रात तपशील कमी झाला म्हणूनच. उरलेला त्यांनी आठवणीतून भरला.

एक शेवटची युक्ती. आपले वार्तापत्र झेरॉक्सवर निघते, आणि त्यात रंगीत चित्राचा नुसता काळा डाग होतो. गिंपमध्ये 'फोटोकॉपी' नावाचाच एक फिल्टर आहे. त्याने चित्राचे काळ्यापांढऱ्या रेघांत रूपांतर होते आणि ते स्वच्छ छापले जाते. तेव्हा मंडळी, आपापल्या मुलांना आजोळचे घर बांधायला सांगा, चित्र करा आणि खाली मुलांच्या हातच्या चार मराठी ओळींसह दिवाळी अंकासाठी पाठवा. शुद्धलेखन आम्ही तपासणार नाही. आणि ज्यांच्या घरी अजून आजी-आजोबा फोनवर भेटतात, त्यांनी माजघरापासून सुरुवात करावी. तिथला उजेड किती होता, हे फोटोत सापडत नाही.