कणेरीतला न्हावी

कोल्हापूरचे रील्स बघत असाल तर सिद्धगिरी म्युझियम तुमच्या समोरून कधीतरी गेलेलंच असणार. कणेरी मठाच्या आवारात, उघड्यावर, एक अख्खं जुनं खेडं पुतळ्यांमधून उभं केलंय. शहरापासून दहा-बारा किलोमीटर, बंगळूर हायवे सोडून आत वळायचं. माणसं सिमेंटची, बैलही सिमेंटचे. लोहार, कुंभार, चांभार, जात्यावरच्या बाया, नांगर धरलेला शेतकरी. डिसेंबरच्या उन्हात मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे तीन तास फिरलो.

काम सुरेख आहे, हे आधी सांगते. दंडाच्या शिरा, ओझ्यानं वाकलेली पाठ, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की हे पुतळे आपल्याकडे बघत नाहीत. ते हातातल्या कामाकडे बघतात. आपल्याकडे चौकात पुतळा व्हायला घोडा तरी लागतो, नाहीतर हातात पुस्तक. इथे वस्तरा पुरतो. आम्ही न्हावी. आमच्या कामाचा पुतळा मी त्याआधी कुठेच पाहिला नव्हता. त्यामुळे हजामत करणाऱ्या त्या माणसापुढे पोचलो तेव्हा, खरं सांगायचं तर, छाती थोडी फुगली.

अण्णा बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "हाताची ठेवण बरोबर हाय." कारागिराची कारागिराला पावती. आमच्या मागे एक शाळेची ट्रिप होती, पोरं रांगेनं सेल्फी काढत पुढे सरकत होती. ती गेल्यावर अण्णांनी हळूच विचारलं, "पर ह्याला कोण देणार, आन कधी देणार, ते कुठं दावलंय?"

म्युझियमची कल्पना स्वयंपूर्ण खेड्याची आहे. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, प्रत्येकाचं काम ठरलेलं, गाव एका कुटुंबासारखं. मला तिथे कुणीच उपाशी दिसलं नाही. पुतळ्यात काम दाखवता येतं, मोबदला कसा दाखवणार? वर्षभर घरटी दाढी-डोई करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य मागायचं, याला बलुतं म्हणत. किती द्यायचं हे रीतीनं ठरलेलं. प्रत्यक्षात किती हातावर पडेल ते देणाऱ्याच्या मर्जीवर. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 मध्ये 'गावगाडा' लिहिलं, त्यात या व्यवस्थेची कुरकुर करणारी चाकं एकेक करून दाखवलीत. आणि 1918 मध्ये याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी बलुतेदारीची पद्धत मोडीत काढली, ज्यानं त्यानं हवा तो धंदा करावा म्हणून. महार वतनंही त्याच वर्षी रद्द केली. म्हणजे आपण ज्याच्यासोबत सेल्फी काढतो ते चित्र इथल्याच राजाला नकोसं झालं होतं. मला वाटतं, एवढी एक गोष्ट त्या ट्रिपच्या पोरांना कुणीतरी सांगायला हवी होती.

अर्थात हुकूम निघाला म्हणून रीत लगेच मरत नाही. अण्णांचा जन्म 1964 चा, गाव वारणेच्या अलीकडच्या काठावर. आठ-नऊ वर्षांचे असताना ते आजोबांबरोबर खळ्यावर जायचे. खांद्यावर रिकामं पोतं. मालकाची मळणी, वारं देणं, रास भरणं सगळं उरकेपर्यंत कडेला थांबायचं. "भीक न्हवती ती, हक्काचं हुतं," अण्णा म्हणाले, "पर बसायचं मातूर भिकाऱ्यागतच." एकदा एका घरानं राशीतला नाही, खालचा मातेरा सुपात भरून दिला. आजोबांनी तो मुकाट्यानं घेतला, वाटेत ओढ्याकाठी चाळला आणि जोंधळा तेवढा पोत्यात टाकला. पुढच्या सोमवारी त्याच घरात वस्तरा घेऊन हजर. पुढे ऊस आला, खळी मोडली, बलुतंही आटत गेलं.

आजोबांची बाजू घेऊन मी काहीतरी रागानं बोलले. अण्णांनी मला थांबवलं. "आजाची धोकटी गावकुसाबाहीर कधी गेली न्हाई गं. तिकडली मानसं आपापसात भादरून घ्यायची. आजा न्हाई म्हनायचा त्यास्नी." मग पाण्याची बाटली उघडून बराच वेळ पीत राहिले. या माहितीचं काय करायचं ते मला तिथे कळलं नाही, अजूनही नीटसं कळलेलं नाही. पण त्यानंतर त्या खेड्यात फिरताना मी माणसं बघायची सोडून त्यांच्यामधलं अंतर बघायला लागले. कोण कुणाच्या अंगणापर्यंत येऊ शकत होता, कुणी पाणी वरून ओतून घ्यायचं. सिमेंटच्या खेड्यात तिकीट काढलं की कुणीही कुठेही जाऊ शकतं.

बाहेर उसाचा रस पिताना मी विचारलं, गाव सोडताना वाईट नाही वाटलं? अण्णा हसले. 1989 मध्ये त्यांनी इचलकरंजीत सलून टाकलं. खुर्ची जुनी, आरसा उधारीवर. पण आरसा लावायच्याही आधी त्यांनी पेंटरकडून रंगवून घेतलेली एक पाटी भिंतीवर ठोकली. दाढी इतके, कटिंग इतके, खाली लाल अक्षरात 'उधारी बंद'. पाटी अजून तीच आहे. आकडे तेवढे अण्णा दर काही वर्षांनी स्वतः खोडून नवे लिहितात.