सातचा भोंगा

शाळा सुरू होऊन महिना होत आला. कुठल्याही पालकसभेला जा, विषय एकच. "मुलं मोबाईल सोडतच नाहीत हो!" मग कुणी म्हणतं फोन काढून घ्या, कुणी म्हणतं रिचार्जच मारू नका, कुणी म्हणतं सरकारने बंदी आणावी. मला यावर थोडं वेगळं म्हणायचंय. उदाहरण आपल्याच सांगली जिल्ह्यातलं आहे.

मोहित्यांचे वडगाव, तालुका कडेगाव. तीनेक हजार वस्तीचं गाव. बहुतेक लोक शेती करणारे, नाहीतर साखर कारखान्यात कामाला. १४ ऑगस्ट २०२२ ला गावाने सभेत ठरवलं की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल. भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा वाजला की चालू. १५ ऑगस्टपासून अंमल सुरू. भोंगा बसवला देवळावर.

कारण साधंच होतं. कोरोनात शाळा मोबाईलवर आली आणि पोरांच्या हातात फोन आला. शाळा पुन्हा भरायला लागल्या, पण फोन काही हातातून गेला नाही. मुलं लिहायला-वाचायला कंटाळतात हे शिक्षकांच्या लक्षात आलं. गावातल्या घरांत अभ्यासाची वेगळी खोली नसते. मधल्या खोलीत टीव्ही चालू असताना पोराने "अभ्यास कर" हे ऐकायचं तरी कसं?

तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी हे सगळं माध्यमांना सांगितलं आहे. त्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. गावातल्या पुरुषांनी ही कल्पना आधी हसण्यावारी नेली. आधी तयार झाल्या त्या बायका. मालिका बघण्यात आपला बराच वेळ जातो हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं आणि म्हणाल्या, करूया. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक असे सगळे घरोघर फिरले.

बातमी बीबीसीपर्यंत गेली. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर फिरली, त्यावर अंगठे पडले आणि विषय संपला.

पण विषय संपण्यासारखा नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशी गावाने ग्रामसभेत ठराव केला की १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाईल वापरायचा नाही. दोन्ही गावांची तळमळ खरी आहे, त्यात शंका नाही. फरक एवढाच की बांशीचा ठराव मुलांसाठी होता आणि वडगावचा भोंगा सगळ्यांसाठी वाजत होता. बापासाठी, आईसाठी, आजीसाठी, सरपंचासाठीसुद्धा. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

जरा विचार करा. आपल्या लहानपणी टीव्हीचं वेड नव्हतं का? होतंच की. पण कार्यक्रम संपायचा. नावं यायची, पडदा काळा व्हायचा, आई म्हणायची "चला आता, ताटं घ्या". पेपर संपायचा. गोष्टीचं पुस्तक संपायचं. लाईट जायची, ते तर वेगळंच.

मोबाईलवर काहीच संपत नाही. हा योगायोग नाही. बोटाने सरकवत जा आणि पान कधी संपणारच नाही, ही रचना आझा रॅस्किन या माणसाने २००६ मध्ये केली. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, तोही त्यातलाच प्रकार. 'पुरे झालं' असं वाटण्याची जागाच काढून टाकली आहे. चाळीस वर्षांच्या माणसाला जिथे थांबता येत नाही, तिथे सात वर्षांच्या पोराने आपणहून थांबावं ही अपेक्षा कशाच्या जोरावर?

म्हणून मला वाटतं मुलांना बंदीपेक्षा शेवट हवाय. आणि तो शेवट घरातल्या सगळ्यांसाठी एकाच वेळी यायला हवा. वडगावच्या भोंग्याने नेमकं तेच केलं.

आता कुणी म्हणेल, ताई, मोबाईलवर अभ्यासही असतो. असतो ना. 'असर'चा २०२४ चा अहवाल बघा. ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यातल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला आणि ७६ टक्के मुलांनी सोशल मीडियासाठी. म्हणजे दोन्ही चालू आहे, एकाच फोनवर, बहुतेक एकाच बैठकीत. गणिताचा व्हिडिओ बघायला घेतलेला फोन दहा मिनिटांनी कुठे पोचलेला असतो हे तुम्हीही बघता, मीही बघते.

आम्ही हे आमच्या अपार्टमेंटमध्ये करून पाहिलं, म्हणून एवढं लिहितेय. २४ फ्लॅट, त्यातली ११ कुटुंबं तयार झाली. शहरात भोंगा कोण वाजवू देणार? पण आमच्याकडे रोज संध्याकाळी सातला वॉचमनकाका पाण्याची मोटर चालू करतात आणि तिचा घरघराट तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतो. तोच आमचा भोंगा ठरला. मोटर लागली की टीव्ही बंद, फोन शोकेसवर. फोन वाजला तर उठून घ्यायचा, बोलायचं, परत ठेवायचा. हातात घेऊन बसायचं नाही. एक शेजारी दवाखान्यात ड्युटीला असतात, त्यांना सवलत. साडेआठला सगळं मोकळं.

मुलांनी तीन-चार दिवस कुरकुर केली, मग जिन्यात खेळायला लागली. चुळबुळ जास्त मोठ्यांची झाली. सात वाजून दहा मिनिटांनी "एक मेल बघून घेतो" म्हणणारे मोठेच होते. पण त्यापेक्षा दोन अडचणी खऱ्या होत्या, आणि त्या कुठल्याच सल्ल्याच्या लेखात मला वाचायला मिळाल्या नव्हत्या.

पहिली अडचण स्वयंपाकाची. सात ते साडेआठ म्हणजे घरातल्या बाईची सगळ्यात घाईची वेळ. कुकर, कणीक, डबा, भांडी. लहान मूल पायात येऊ नये म्हणून त्याच्या हातात फोन दिला जातो. आळशी आई म्हणून नव्हे, दुसरं कुणी त्याला धरायला नसतं म्हणून. बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, सांगते की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठ्यांच्या देखत, पाच ते दहा वयात दोन तासांच्या आत. भरवताना मोबाईल नको, हेही सांगते. सगळं बरोबर. पण हा नियम पाळायचा कुणी? घरातल्या एकट्या बाईने पाळायचा असेल तर तो आठवड्यात मोडणार. आमच्याकडे ज्या घरांत बाबा सात वाजता पोराला घेऊन खाली उतरले किंवा निदान मटार सोलायला बसले, तीच घरं टिकली. बाकीच्या घरांत मोडलं, आणि मोडलं म्हणून मी त्या बायकांना दोष देणार नाही.

दुसरी अडचण आजींची. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी सरळ म्हणाल्या, "माझी मालिका साडेसातला असते. ती बंद करायची तर करते. पण मग माझ्याशी बोलणार कोण?" सगळे गप्प. खरंच आहे की. दिवसभर घरात एकटं बसणाऱ्या माणसाला टीव्ही म्हणजे सोबत असते. शेवटी ठरलं की मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागते तेव्हा बघायची आणि संध्याकाळी नातवाने पाढे त्यांच्यासमोर बसून म्हणायचे. आजींना पावकी-निमकी येते, आमच्यापैकी कुणालाच येत नाही. आता इतर फ्लॅटमधली दोन पोरंही तिथे जाऊन बसतात.

तिसरी गोष्ट बाहेरून आली. आमच्यातल्या चार-पाच मुलांच्या शाळेचा गृहपाठ पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यायचा. कधी साडेसातला, कधी आठला. पीडीएफ उघडा, वहीत उतरवा, फोटो काढून परत पाठवा. म्हणजे आपण घरात फोन बाजूला ठेवायचा आणि शाळेने तो परत हातात द्यायचा! आम्ही ११ पालकांच्या सह्यांचं पत्र दिलं. मागणी एवढीच होती की गृहपाठ शाळा सुटण्याआधी डायरीत लिहून द्या. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसरं पत्र घेऊन सातजण स्वतः जाऊन बसलो, तेव्हा चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी मान्य झालं. वरच्या वर्गांचं अजून तसंच आहे. एकटा पालक बोलायला गेला की "तुमच्याच मुलाला प्रॉब्लेम आहे का?" असं विचारलं जातं. सातजण गेले की विचारत नाहीत.

आज ११ पैकी ८ घरांत हे चालू आहे. रविवारी मोडतं, भारताची मॅच असली की मोडतं. मुलांचे मार्क वाढले का? मी तसं काही म्हणणार नाही. एवढं सांगते की रोजची भांडणं कमी झाली, कारण "फोन ठेव" हे आता आईला म्हणावं लागत नाही. मोटर म्हणते. दिवसाला दीड तास म्हणजे वर्षाला साडेपाचशे तास होतात, एवढा हिशोब मात्र करून बघा.

कायद्याने काहीच होणार नाही असंही मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांची सोशल मीडियावरची खाती बंद केली. त्यात दंड मुलाला किंवा पालकाला नाही, कंपनीला आहे. हे मला पटतं. आपल्याकडेही २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागेल आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत असं म्हटलंय. त्याची नीट अंमलबजावणी व्हावी म्हणून आवाज उठवायलाच हवा. पण कायदा आपल्या दिवाणखान्यात येऊन बसणार नाही. संध्याकाळी सातला तिथे आपणच असतो.

आणि एक प्रश्न आपल्या नगरसेवकांना, शाळांना. मोबाईल खाली ठेवला की मुलांनी जायचं कुठे? कितीतरी शाळांची मैदानं शाळा सुटली की कुलूपबंद. कॉलनीतल्या मोकळ्या जागेत गाड्या लागलेल्या. वाचनालय असलं तर संध्याकाळी लवकर बंद. दिवसाउजेडी बाहेर खेळणं डोळ्यांसाठीही गरजेचं आहे. लहान वयात लागणारा लांबचं बघण्याचा चष्मा आणि बाहेरचा उजेड कमी मिळणं यांचा संबंध डॉक्टर सांगतात. पाच ते सात शाळेचं मैदान वस्तीतल्या मुलांना उघडं ठेवायला किती खर्च येतो? एक माणूस आणि एक किल्ली. मोबाईलच्या व्यसनावर भाषणं देण्यापेक्षा हे करा.

१५ ऑगस्टची ग्रामसभा महिन्यावर आलीय. गावात राहत असाल तर हा विषय आत्ताच लेखी द्या. शहरात असाल तर सोसायटीची मीटिंग बोलवा. तीन गोष्टी मागा: सगळ्यांसाठी एक ठरलेली वेळ, गृहपाठ डायरीत, आणि मैदानाचं कुलूप उघडं. सगळं गाव तयार होण्याची वाट बघू नका, चार घरं पुरतात सुरू करायला. भोंगाच पाहिजे असंही नाही. देवळातली आरती चालेल, शाळेची घंटा चालेल, पाण्याची मोटर तर आहेच.

फक्त तो वाजेल तेव्हा मुलांच्या आधी मोठ्यांचा फोन खाली गेला पाहिजे. पोरं आपलं बोलणं ऐकत नसतील, पण आपल्या हाताकडे त्यांचं बारीक लक्ष असतं.