आशाऊच्या गडाचे धनी

सोमवार

म्युनिक–साल्झबुर्ग मार्गावरच्या प्रीन स्थानकात प्रवासी उतरतात आणि आशाऊची छोटी गाडी पकडतात. रेल्वेचा हा फाटा १८७८ सालचा. गावात शिरताच सुट्या खडकावर होहेनआशाऊचा गड दिसतो, त्यामागे १,६६९ मीटर उंचीचा काम्पेनवांड डोंगर. गड बाराव्या शतकातला, हिर्न्सबर्ग घराण्याने बांधलेला.

गड ज्याचा, खोरे त्याचे. कुळांकडून खंड घेणारा धनीच त्यांचे तंटे ऐकून निवाडा द्यायचा. दाद मागायची ती ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच दारात! ही मालकी नुसत्या जमिनीची नव्हती.

मंगळवार

चौदाव्या शतकात ही जहागीर फ्रायबर्ग घराण्याकडे गेली. त्यांच्यातला पांक्राट्स सर्वांत कर्तबगार. सोळाव्या शतकात त्याने गड वाढवला, खोऱ्यात लोखंडाचा कारखाना उभारला. जंगलातला कोळसा आणि ओढ्याचे पाणी घरचेच होते. म्युनिकच्या दरबारात मोठे पद असूनही लूथरच्या मताकडे झुकल्यामुळे बव्हेरियाच्या ड्यूक पाचव्या आल्ब्रेख्टची त्याच्यावर खप्पा मर्जी झाली. १५६५ मध्ये तो वारला.

बुधवार

१६०८ मध्ये लग्नसंबंधातून जहागीर प्रायझिंगांच्या घरात आली. त्यांच्या दिवाणखान्यात गचकामातले बारा पूर्वज उभे आहेत, माणसापेक्षा मोठे. सगळे प्रायझिंगच. जिच्या माहेरचा हा गड, त्या फ्रायबर्गांच्या लेकीची आठवण इथे ठळकपणे व्हायला हवी होती.

गुरुवार

१८४८ मध्ये बव्हेरियातल्या जहागीरदारांचा न्यायदानाचा हक्क संपला आणि मालकीचा कणाच मोडला. उरली ती विकता येणारी मालमत्ता. १८५३ मध्ये प्रायझिंगांचा काळ सरला. १८७५ मध्ये न्युर्नबर्गचे कारखानदार टेओडोर क्रामर-क्लेट यांनी ही मालमत्ता विकत घेतली. म्युनिकचा १८५४ चा काचमहाल त्यांच्याच कारखान्याने उभारला होता. तलवारीच्या आणि सोयरिकीच्या जोरावर आजवर टिकलेला गड आता यंत्रांच्या पैशावर आला. विसाव्या शतकाच्या आरंभी क्रामर-क्लेट यांच्या मुलाने गडाची मोठी डागडुजी करून त्याला राहत्या वाड्याचा थाट दिला.

१९४२ मध्ये गड जर्मन राइशने घेतला आणि नौदलाचे विश्रामगृह केले. आज तो संघराज्याच्या ताब्यात आहे. जिथे कुळे खंड घेऊन यायची, तिथे आता केंद्रीय अर्थखात्याचे कर्मचारी मुलाबाळांसह सुट्टीला येतात. बाहेरच्या पाहुण्यांना मार्गदर्शकाबरोबर ठरावीक वेळीच आत जाता येते.