जीपची चाकं

धाकटा भाऊ कुवेतहून सुट्टीवर आला की घरात एक तरी मोठी खरेदी ठरलेली. एकदा फ्रिज आला, एकदा विहिरीवरचा पंप. या वेळी त्याची नजर अब्बांच्या जीपवर होती. ३१ इंची रुंद टायर आणि चकचकीत अलॉय रिम घ्यायचे, असं तो तिकडूनच ठरवून आला होता. "आपा, गावात शिरताना लोकांनी वळून बघायला हवं," असं त्याचं म्हणणं.

अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली. जीप जुनी महिंद्राची, विलीज सीजे-३बी घडणीची. (१९४५ साली ही कंपनी सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. वर्गात हे सांगितलं की मुलं माझ्याकडे संशयाने बघतात.) भर पावसात डोंगरावरच्या वाडीतून एखादी अडलेली बाई खाली दवाखान्यात आणायची झाली, तर आमच्याकडे अजूनही हीच गाडी निघते. म्हणून चाकांचा विषय मला हौसेपुरता वाटेना.

आमचे मिस्त्री चाचा जुने, मोजकं बोलणारे. त्यांनी विचारलं, "क्राऊन-पिनियन कितीचं आहे, माहीत आहे का?" या घडणीच्या जीपमध्ये तो आकडा ५.३८ असतो, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. मूळ टायर साधारण २८ इंच उंचीचा. तो ३१ इंच केला की चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि ५.३८ चा परिणाम ४.८६ वर येतो. मी भाषेची शिक्षिका खरी, पण एवढा त्रैराशिक मलाही जमतो. चढावरची ओढ जवळजवळ दहा टक्के घटली! काट्यावर साठ दिसताना गाडी सहासष्टने धावणार, आणि ब्रेकचे ड्रम मात्र तेच जुने, आता जास्त उंच चाक थांबवायला.

ती ओढ परत मिळवायची तर क्राऊन-पिनियन बदलायचं, तेही पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये एकाच मापाचं. दोन्हींत फरक राहिला तर फोर-व्हील टाकल्यावर पुढची चाकं एक म्हणतात, मागची दुसरं, आणि मधला गिअरबॉक्स पिळला जातो. शिवाय रुंद रिम बाहेर आला की बेअरिंगवरचा भार वाढतो आणि स्टिअरिंग जड होतं.

कायद्याचंही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांच्यामुळे कंपनीच्या मूळ मापात मनमानी बदल करता येत नाही.

भाऊ गप्प होता. मग म्हणाला, "पण आपा, टायर दिसतात. आतलं कोण बघतं?" यात पोरकटपणा आहे असं मला वाटत नाही. वर्षातले अकरा महिने परक्या मुलखात घाम गाळणाऱ्याला आपली कमाई दारात उभी दिसावी, असं वाटणारच.

चाचांनी जीप जॅकवर चढवली, मागचं चाक काढलं आणि त्याला बोलावलं. अ‍ॅक्सलचं ऑइल सील गेलं होतं. तेल ड्रममध्ये उतरून ब्रेक लायनर चिकट झाले होते. पुढे किंग पिनची बेअरिंग इतकी झिजलेली, की चाक हाताने हलवलं तरी खुळखुळत होतं. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले होते: १४१२. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, म्हणजे टायर २०१२ च्या चौदाव्या आठवड्यातला. नक्षी बरी दिसत होती, रबर मात्र भेगाळलेलं. वाचकांनी आपापल्या गाडीचे हे आकडे एकदा बघावेतच. दोन मिनिटांचं काम आहे.

अम्मी याच जीपमधून नातवंडांना घेऊन घाट उतरते. त्यावर मला काही बोलावं लागलं नाही.

दोन्हीकडची सीलं, बेअरिंग, लायनर आणि ब्रेकचे पाइप नवे बसले. टायर मूळ मापाचे, पण चिखलासाठी खोल नक्षीचे घेतले. लोखंडी रिम तेवढे त्याने हट्टाने काळे रंगवून घेतले.

अम्मीने जीपभोवती एक चक्कर मारली. "बेटा, एवढे पैसे गेले कुठे?" तिने विचारलं. भाऊ गुडघ्यांवर बसला आणि तिला खाली वाकायला लावून अ‍ॅक्सल दाखवू लागला.