एका घरात दोन चुली

‘चुली वेगळ्या झाल्या’ म्हटले की ऐकणारा लगेच आवाज खाली आणतो. भावाभावांत काही बिनसले, आता अंगणात भिंत उभी राहणार, एवढे सगळे त्या तीन शब्दांत कळते. पण गेल्या हिवाळ्यात मी स्वतःच्या हातांनी एका घरात दोन चुली मांडल्या आणि भांडण मात्र झाले नाही. ते घर म्हणजे माझा लॅपटॉप.

लॅपटॉप मूळचा ताईचा. नोकरी लागल्यावर तिने नवा घेतला आणि हा माझ्या वाट्याला आला. 4 जीबी मेमरी, 500 जीबीची जुनी हार्ड डिस्क. बटण दाबून चहा ठेवावा, तो पिऊन कप विसळावा, तेव्हा कुठे हा गृहस्थ जागा होई. त्यातल्या विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 साठी हे यंत्र वयाने बाद ठरले. बाबा म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू.” आमच्या घरातल्या या वाक्याचा अर्थ वाचकांना वेगळा सांगायला नको.

तोडगा सुचवला तो माझ्या बैलहोंगलच्या मित्राने. (याच अंकाच्या कन्नड विभागात त्याची कविता आहे. लिपी येत असेल त्यांनी जरूर वाचावी.) तो म्हणाला, “लिनक्स घाल. जुनं काढू नको, शेजारी घाल.”

हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने 1991 साली या प्रणालीचा गाभा लिहिला आणि जगापुढे खुला ठेवला. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने त्याला जोडली गेली आणि पूर्ण संसार उभा राहिला. तिचे मूळ लेखन कोणीही वाचावे, बदलावे, दुसऱ्याला द्यावे. शेजारीण लोणच्याची कृती विचारून नेते, आपल्या चवीने गूळ वाढवते आणि पुढे तिसरीला सांगते, तसाच हा प्रकार. अशा अनेक चवींपैकी ‘लिनक्स मिंट’ आम्ही निवडली. तिची हलकी आवृत्ती जुन्या यंत्राला झेपते.

आता माझी खरी काळजी सांगतो. त्या लॅपटॉपमध्ये आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. ताईने 2017 च्या मे महिन्यात मोबाइलवर टिपलेल्या, मोजून 43. आजी 2021 मध्ये गेली. तो मोबाइल त्याआधीच बिघडला होता. म्हणजे आजीचा आवाज जगात फक्त या एका डिस्कवर उरला होता. म्हणून शुक्रवारी रात्री मी त्या सगळ्या ओव्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि शांत झोपलो.

शनिवारी सकाळी मिंटची फाइल उतरवली आणि ती पेनड्राइव्हवर चढवली. मित्र दुपारी आला. लॅपटॉप सुरू होतानाच एक कळ दाबून त्याने तो पेनड्राइव्हवरून चालू केला. डिस्कला हातही न लावता नवी प्रणाली समोर उभी! घर घेण्याआधी चार तास राहून बघावे, तशी ही सोय. वायफाय लागले, आवाज आला, पडदा नीट दिसला. मग आम्ही ‘स्थापना करा’ वर बोट ठेवले.

त्या पडद्यावर दोन वाक्ये एकाखाली एक येतात. एक म्हणते, विंडोजच्या शेजारी बसवा. दुसरे म्हणते, संपूर्ण डिस्क पुसून बसवा. मध्ये अंतर बोटभराचे. मित्राने माझा हात धरला. “निधान, निधान. ओव्यांची प्रत घेतलीस ना?”

“घेतली की. पेनड्राइव्हवर.”

“कुठल्या?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि ते उघडेच राहिले. घरात पेनड्राइव्ह एकच होता आणि तो समोर लॅपटॉपला लावलेला होता. सकाळी त्यावर मिंट चढवताना ‘यावरील सर्व काही पुसले जाईल’ अशी सूचना आली होती. मी ती सवयीने ‘होय’ म्हणून पुढे ढकलली होती.

मित्र हसला नाही. त्याने सगळे बंद केले, लॅपटॉप पुन्हा विंडोजमध्ये नेला, खिशातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढला आणि 43 ओव्या त्यावर घेतल्या. एक उघडून वाजवूनही पाहिली. आतून आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली. ओवी संपेपर्यंत कोणी बोलले नाही.

मग आम्ही नव्याने बसलो. शेजारी बसवण्याचा पर्याय निवडला. सरकपट्टी ओढून सुमारे 120 जीबी जागा नव्या सुनेला दिली, बाकीची जुन्या मंडळींकडे ठेवली. संध्याकाळपर्यंत काम झाले.

दोन चुलींच्या कुरबुरी थोड्या झाल्या. विंडोजमध्ये गेलो तर घड्याळ साडेपाच तास मागे! यंत्रातल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ धरते, लिनक्स जागतिक वेळ धरते. एका आज्ञेने लिनक्सला समजावले आणि ते मिटले. शिवाय विंडोज पुष्कळदा पूर्ण बंद न होता डुलकी घेते आणि तेवढ्यात लिनक्सला तिच्या कपाटात काही ठेवता येत नाही. ती सवय मोडावी लागली.

आता बटण दाबले की यादी येते आणि कुठे जायचे हे विचारत दहा सेकंद थांबते. हा लेख मी मिंटमध्ये लिहिला आणि मित्रानेही आपली कविता इथेच बसून लिहिली. इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी क आणि कन्नड क एकाच कळीवर आहेत, हे आम्हा दोघांनाही त्या दिवशी कळले.

आजी बियाणे कधी एका मडक्यात ठेवत नसे. अर्धे माळ्यावर, अर्धे माजघरात. तिच्या ओव्या आता लॅपटॉपवर, ताईकडे आणि बैलहोंगलला आहेत. वाचकांनी नवी प्रणाली घालावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. प्रत मात्र आजच घ्यावी, आणि ती कुठे ठेवली हे लक्षात ठेवावे.