जोड बसत नाही

गेल्या जत्रेची गोष्ट. सकाळी पालखी देवळात परतली, दुपारी महाप्रसाद झाला, आणि उन्हे कलल्यावर देवळामागच्या शेतात कुस्त्यांचा फड भरला. उत्सव कमिटीत आमचे नाव असल्यामुळे पंचांच्या मागे एक खुर्ची आमच्यासाठी राखलेली असते. डावपेचांतले आम्हांस फारसे कळते असे नव्हे. पण इनामावरून तंटा झाला तर जवळ एखादा वकील असलेला बरा, असा गावाचा समज आहे आणि तो आम्ही कधी खोडून काढला नाही. यंदा शेजारच्या खुर्चीवर आमचा भाचा होता. तो अमेरिकेतील एका विद्यापीठात शिकतो, आणि सुटीत बेळगावास आला होता.

एका धनिकाने आपल्या तालमीतील पठ्ठ्यासाठी मोठे इनाम लावले होते. समोर कोणी येईना. अखेर शेजारच्या खेड्यातील एक किडकिडीत पोर लंगोट कसून पुढे झाले. वस्तादांनी दोघांना शेजारी उभे केले, भोवती एक फेरी मारली, त्या पोराच्या दंडाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "जोड बसत नाही."

धनिक म्हणाला, "अहो वस्ताद, पोरगा आपणहून तयार आहे."

"तो तयार आहे हो," वस्ताद म्हणाले, "मी तयार नाही."

हलगी पुन्हा वाजू लागली आणि पुढची जोड मातीत उतरली. ते पोर मात्र खट्टू होऊन कपडे घालू लागले. इनामातला काही वाटा हरणाऱ्यालाही मिळाला असता.

भाचा हसला. म्हणाला, "मामा, आमच्याकडे हे वस्ताद उपाशी मरतील. आमच्याकडे असा पोरगा पैसे देऊन मुद्दाम बोलावतात." 'आमच्याकडे' म्हणजे आता अमेरिकेत, हे ध्यानात यायला आम्हांस क्षणभर लागला.

त्या रात्री त्याने आम्हांस त्या देशाच्या महाविद्यालयीन फुटबॉलची सारी हकीकत सांगितली, आणि पुढे कित्येक दिवस आम्ही तिचा पाठपुरावा करीत राहिलो. हा फुटबॉल गोव्यातला किंवा कोल्हापुरातला नव्हे. यात अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळावयाचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे. आणि समोरच्या अकरा जणांनी अंगावर कोसळून ते थांबवावयाचे. खेळणारे विद्यार्थी असतात. परंतु काही विद्यापीठांच्या क्रीडांगणांत लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, आणि शरद ऋतूतला शनिवार हा तिकडे एखाद्या सणासारखा पाळला जातो.

मोठ्या विद्यापीठाचा संघ एका हंगामात साधारणपणे बारा सामने खेळतो. त्यांपैकी आठ-नऊ सामने ज्या मंडळाचा तो सभासद असतो ते मंडळ ठरवून देते. उरलेले तीन-चार विद्यापीठ स्वतः ठरवते, आणि खरी मेख तेथे आहे. दुबळ्या महाविद्यालयास रोख रक्कम देऊन आपल्या घरच्या मैदानावर बोलवावयाचे, त्यास लोळवावयाचे, तिकिटांचे उत्पन्न घ्यावयाचे आणि विजयांच्या रकान्यात एकाची भर घालावयाची. परतभेटीस त्याच्या गावी जावयाचे नाही. हे सर्व लेखी करारान्वये चालते. आणि कराराचे नाव निघाले की आमच्यातला वकील जागा होतो.

या प्रकारातील सर्वांत गाजलेला करार १९१६ सालचा आहे. टेनेसी राज्यातील कंबरलँड या लहानशा संस्थेने अटलांटाच्या जॉर्जिया टेकशी सामना ठरविला होता. पुढे कंबरलँडने आपला फुटबॉल संघच मोडला आणि सामना रद्द करण्याची विनंती केली. जॉर्जिया टेकचे शिक्षक होते जॉन हाइस्मन. त्याच वर्षी वसंतात कंबरलँडने बेसबॉलमध्ये त्यांच्या संघास २२–० असे हरविले होते, आणि त्या संघात भाडोत्री खेळाडू होते असा हाइस्मन यांचा राग होता. त्यांनी करारावर बोट ठेवले: आलात तर पाचशे डॉलर आणि प्रवासखर्च, न आलात तर तीन हजार डॉलर दंड. कंबरलँडपाशी दंडाचे पैसे नव्हते. जॉर्ज ॲलन नावाच्या विद्यार्थी व्यवस्थापकाने मिळतील तेवढी मुले गोळा केली आणि आगगाडीने अटलांटा गाठले. ७ ऑक्टोबर १९१६ रोजी मध्यंतरापर्यंत १२६–० अशी गुणसंख्या झाली, आणि शेवटी २२२–०. आजतागायत हा आकडा कोणी ओलांडलेला नाही.

कंबरलँडची खरी ख्याती होती ती तिच्या कायदा-शाळेमुळे, आणि त्या दिवशी मार खाणाऱ्यांत कायद्याचे विद्यार्थीही होते. हे वाचून आम्हांस हसू आले आणि वाईटही वाटले. आमच्या १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते की करारात दंडाची रक्कम कितीही लिहिली असली, तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देववील. त्या पोरांपैकी एखाद्याने हा मुद्दा तिकडच्या कोर्टात नेला असता तर काय झाले असते, कोण जाणे. पण पोरांना कोर्ट दूर वाटते आणि आगगाडी जवळ. पुढे हाइस्मन यांच्या नावाने वर्षातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूस पारितोषिक देण्याची प्रथा पडली, आणि ते त्या खेळातील सर्वांत मोठ्या मानाचे गणले जाते.

हा झाला दुबळा शोधून आणण्याचा मार्ग. दुसरा मार्ग याहून जुना आहे. प्रतिस्पर्धी दुबळा नसेल तर त्याला खेळता खेळता दुबळा करावयाचे. १८९२ साली हार्वर्डने येलविरुद्ध पाचरीच्या आकाराची एक रचना वापरली. वेगाने धावत आलेले अनेक जण एकाच माणसावर आदळत. दोन वर्षांत तिला बंदी करावी लागली, पण वृत्ती गेली नाही. १९०५ च्या हंगामात या खेळात १८ ते १९ तरुण दगावल्याची मोजदाद वृत्तपत्रांनी केली, आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना बोलावून खेळ सुधारण्याची समज दिली. चेंडू पुढे फेकण्याची मुभा १९०६ पासून मिळाली ती माणसांची ती जीवघेणी गर्दी फुटावी म्हणून. त्याच वर्षी नियमनासाठी जी संस्था उभी राहिली, तीच आजची एन.सी.ए.ए.

नियम आले तरी १९५१ साल यावयाचे ते आलेच. ड्रेक विद्यापीठाचा जॉनी ब्राइट हा कृष्णवर्णीय खेळाडू त्या वर्षी साऱ्या देशात अग्रेसर होता. २० ऑक्टोबर रोजी ओक्लाहोमा ए अँड एम या संस्थेच्या मैदानावर पहिल्या सातच मिनिटांत त्याला तीनदा बेशुद्ध पाडण्यात आले आणि त्याचा जबडा मोडला. चेंडू त्याच्या हाती नव्हता; तो दुसऱ्याकडे देऊन तो नुसता उभा होता. डी मॉइन्सच्या वृत्तपत्राच्या दोघा छायाचित्रकारांनी हे क्षणाक्षणाने टिपले नसते तर ते कोणी खरे मानले नसते. त्या चित्रांना पुढे पुलित्झर पारितोषिक मिळाले. मंडळाने कोणासही शिक्षा केली नाही, तेव्हा ड्रेकने ते मंडळच सोडले. ब्राइट कॅनडात गेला, तेथे खेळला, शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला आणि १९८३ साली वारला. त्या संस्थेने लेखी क्षमा मागितली ती २००५ साली. क्षमेचे पत्र स्वीकारावयास ज्याने असावयाचे तो जाऊन बावीस वर्षे झाली होती.

एक जबडा मोडतो, दुसरा धनादेश लिहितो. पहिल्यास आपण गुन्हा म्हणतो आणि दुसऱ्यास व्यवहार. आमच्या मते दोघांच्या मनातली भीती एकच आहे. तोडीचा माणूस समोर उभा राहील, आणि मग आपण खरोखर किती पाण्यात आहोत हे कळेल, ही ती भीती.

भाच्याने याला हरकत घेतली, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. "मामा, त्या लहान कॉलेजांना पैसा हवा असतो. त्यातून त्यांचे बाकीचे खेळ चालतात. आणि कधी कधी तीच जिंकतात." हे खरे आहे. ॲपलेशियन स्टेट या लहान संस्थेला मिशिगनने चार लाख डॉलर देऊन बोलावले, आणि १ सप्टेंबर २००७ रोजी लाखाहून अधिक लोकांसमोर ३४–३२ असा पराभव पत्करला. नॉर्दर्न इलिनॉयने २०२४ साली चौदा लाख डॉलर घेतले, आणि नोत्र दामला तिच्याच मैदानावर १६–१४ असे नमविले. अशा बातम्या वाचताना कोणाला आनंद होत नाही? पण अपवादाच्या आनंदात नियम विसरू नये. २०१२ साली सॅव्हाना स्टेट या संस्थेने लागोपाठच्या दोन आठवड्यांत दोन बलाढ्य संघांशी सामने घेतले; एकात ८४–० आणि दुसऱ्यात ५५–०. दोन्हींचे मिळून आठ लाख साठ हजार डॉलर मिळाले.

आता कायद्याचा प्रश्न असा: दोन्ही पक्षांची संमती असेल तर तक्रार कोणाची? त्यावर आमचे उत्तर एवढेच की करारावर सही करणारे वेगळे असतात आणि मार खाणारे वेगळे. त्या वर्षीच्या नियमांप्रमाणे खेळाडूस शिष्यवृत्तीपलीकडे खेळाचा मोबदला घेता येत नसे. जत्रेतल्या त्या पोराने निदान स्वतःच्या हाडांचा सौदा स्वतः केला असता. आणि तरीही वस्ताद तयार झाले नाहीत.

येथवर येऊन लेखणी खाली ठेवली असती तर आमची सुटका झाली असती. पण 'मी तयार नाही' हे शब्द त्या रात्रीपासून आमच्या मागे लागले आहेत, आणि त्याचे कारण अमेरिकेत नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वी, सनद नवी असताना, आम्ही एका घरमालकातर्फे एका म्हाताऱ्या शिंप्याविरुद्ध खोलीचा ताबा मागत होतो. त्याला वकील नव्हता. तारखेच्या दिवशी तो कोर्टाच्या ओट्यावर आम्हांसच भेटला, हातातला समन्साचा कागद उलटसुलट करीत त्याने विचारले, "साहेब, माझं कोर्ट कुठलं?" आम्ही प्रतिपक्षाचे वकील आहोत, हे त्याला ठाऊक नव्हते. आम्ही "विचारा आत" असे काहीसे पुटपुटलो. तो शेजारच्या दालनात जाऊन बाकावर बसला. तो बसलेला आम्हांस दिसत होता. थोड्या वेळाने आमच्या दालनात पुकारा झाला, तीनदा झाला, कोणी उठले नाही. आणि आम्हीही बोललो नाही. दाव्याचे काम त्याच्याविरुद्ध एकतर्फी चालले, आणि पुढे तसाच हुकूमनामा झाला. तो रद्द करून घेण्यास कायद्याने तीस दिवसांची मुदत असते, हे त्याला कोणी सांगितले नाही. अशिलाने पेढ्यांचा पुडा पाठविला आणि ज्येष्ठांनी पाठ थोपटली. नियमाप्रमाणे पाहू गेल्यास आम्ही काहीच केले नव्हते.

दुबळा समोर आलेला पाहून आम्हांस बरे वाटले, हे पहिले. आणि तो जरा सबळ होण्याची वेळ आली तेव्हा आम्ही त्याला होऊ दिले नाही, हे दुसरे. दोन्ही खेळ आम्ही एकाच सकाळी खेळलो. त्या खोलीत पुढे एक भुसारी दुकान झाले. त्या रस्त्याने जाताना आम्ही आजही दुसऱ्या बाजूने चालतो.

त्याची भरपाई आमच्याकडून झाली, असे आम्ही म्हणणार नाही. तो शिंपी पुढे कोठे गेला याचा शोध घेण्याचे धैर्यही आम्हांस वेळेवर झाले नाही. एवढे मात्र करतो की समोरचा माणूस वकिलावाचून आलेला दिसला, तर त्याला तालुका विधि सेवा समितीच्या खोलीपर्यंत नेऊन पोचवितो, आणि त्याच्यासाठी तारीख पुढे मागून घेतो. अशील कुरकुरतात, एक-दोन सोडूनही गेले.

भाचा परत गेला. निघण्यापूर्वी त्याने विचारले, "मामा, पुढच्या जत्रेला तो पोरगा पुन्हा आला तर?" आम्ही तोच प्रश्न वस्तादांस विचारला. ते म्हणाले, "वर्षभर तालमीत येतो म्हणाला आहे. दूध कमिटीने द्यावं." पुढील बैठकीत तो ठराव आम्ही मांडला आणि तो मंजूर झाला आहे.