हेल्मेटमधला इंटरकॉम घेताय? आधी कानांकडे बघा

पाऊस सुरू झाला की शनिवार-रविवारी आमच्या भागातले रस्ते बाईकवाल्यांनी भरून जातात. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी, त्यामुळे मुंबई-पनवेलची मंडळी जुन्या महामार्गानं चौक, खालापूर, खोपोली करत शिंग्रोबाचा घाट चढतात. काही जण कर्जतला वडापाव खाऊन कशेळ्यावरून मुरबाडकडे वळतात. हल्ली कर्जत-खालापूरच्याही बऱ्याच तरुणांकडे, आणि पन्नाशीतल्या तरुणांकडेही, दणकट गाड्या आल्या आहेत. मीही सुटीच्या दिवशी बाईकवर असतो हे गावात माहीत असल्यानं, रक्तदाब मोजून झाला की प्रश्न येतो, "डॉक्टर, हेल्मेटात बसवायचा ब्लूटूथ संच कोणता घेऊ?"

दुकानदार तुम्हाला रेंज, बॅटरी आणि एका वेळी किती जणांशी बोलता येतं ते सांगेल. माझं उत्तर मात्र कानापासून सुरू होतं, कारण हा संच जिथे आवाज सोडणार आहे तिथे आधीच भरपूर आवाज असतो.

बऱ्याच जणांना वाटतं की हेल्मेटमुळे कान झाकले जातात, म्हणजे आवाज कमी होतो. गाडी उभी असताना ते खरं आहे. वेग वाढला की हेल्मेटच्या खालच्या कडेशी, हनुवटी आणि मानेजवळ वारा घुसळतो आणि तो आवाज थेट कानाशी येतो. सायलेन्सरचा आवाज त्यापुढे काहीच नाही. ताशी 60-65 किलोमीटरच्या पुढे हा आवाज साधारण 90 डेसिबलच्या घरात जातो आणि वेग शंभराच्या वर गेला की शंभर डेसिबलच्या आसपास. हेल्मेट, गाडीची काच आणि तुमची उंची यांप्रमाणे आकडा थोडा इकडेतिकडे होतो.

हे आकडे कानाला काय सांगतात ते बघा. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबानं 85 डेसिबल आवाज दिवसात 8 तास चालतो. पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, 94 ला 1 तास, आणि 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं! आता त्या वाऱ्यावर मात करून मित्राचं बोलणं किंवा गाणं ऐकू यायचं, तर स्पीकरचा आवाज वाऱ्याच्या वर न्यावा लागणार. म्हणजे चौकपासून खालापूरपर्यंतच्या सरळ रस्त्यावर गाडी पळवताना आवाज पूर्ण वाढवून गाणी ऐकलीत, तर घाट लागायच्या आधीच कानांचा दिवसभराचा कोटा संपलेला असू शकतो. घाटात वेग कमी, त्यामुळे वाराही कमी. पण आवाजाचं बटण कोणी खाली करत नाही.

आपल्या अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात बारीक केसांच्या पेशी असतात आणि ध्वनीच्या लहरींचं मज्जातंतूंना कळेल अशा संदेशात रूपांतर त्या करतात. या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. राईडवरून घरी आल्यावर कानात दडे बसल्यासारखं वाटतं, बारीक शिट्टी वाजते आणि सकाळी सगळं ठीक होतं, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. "सकाळी ठीक झालं" याचा अर्थ काही बिघडलं नाही असा घेऊ नका. त्या पेशी थकल्या आणि या वेळी सावरल्या, एवढाच अर्थ.

माझ्याकडे येणारे एक शिक्षक आहेत (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). दहा वर्षं दर सुटीला बाईक, हेल्मेटात स्पीकर, त्यावर जुनी हिंदी गाणी. तक्रार काय, तर वर्गात मागच्या बाकावरची मुलं पुटपुटतात. मुलं पुटपुटत नव्हती. ऑडिओग्राम काढला तेव्हा 4000 हर्ट्झजवळ आलेख खाली खचला होता, आणि मोठ्या आवाजानं झालेली इजा बहुतेकदा तिथेच प्रथम दिसते. या उंच पट्टीत स, श, च, फ अशी व्यंजनं असतात. आवाज ऐकू येतो, पण "पास" म्हणाला की "पाच" ते कळत नाही. रात्री सगळं शांत झालं की त्यांच्या कानात शिट्टी सुरू होते. ती आता जात नाही. झोपताना पंखा लावला की थोडी झाकली जाते, म्हणून ते थंडीतही पंखा लावतात. आणखी नुकसान आपण थांबवू शकतो, गेलेलं परत आणू शकत नाही. हे त्यांना सांगणं मला जड गेलं.

म्हणून संचाच्या आधी दोन गोष्टी घ्या. पहिली, डोक्यावर घट्ट बसणारं, मानेशी फट न ठेवणारं, चेहरा पूर्ण झाकणारं आयएसआय हेल्मेट. दुसरी, फोमचे इअरप्लग. औषधाच्या दुकानात ते किरकोळ किमतीत मिळतात. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नीट बसले तर आवाज सहज 15-20 डेसिबलनं उतरतो.

इथे सगळे मला विचारतात, "मग इंटरकॉम कसा ऐकू येणार?" येतो, आणि बहुतेकांना जास्त स्पष्ट येतो. प्लगमुळे वारा आणि बोलणं दोन्ही एकत्र खाली येतात, त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. शिवाय फार मोठ्या आवाजात कान स्वतःच गोंधळलेला असतो, तो गोंधळ कमी होतो. फोम उंच पट्टीचा आवाज जरा जास्त अडवतो, म्हणून बोलणं थोडं घोगरं वाटेल. काही संचांत आवाजाचा बाज बदलता येतो, तिथे उंच पट्टी वाढवून घ्या. म्हणून माझा सल्ला ऐकायला उलटा वाटेल असा आहे. स्पीकर दमदार आणि स्वच्छ आवाजाचा घ्या, म्हणजे प्लग घालूनही पुरेल. स्वस्त संचाचा किरटा स्पीकर प्लगमधून पोचत नाही, मग माणूस प्लगच काढून टाकतो.

खोक्यावर "नॉईज कॅन्सलेशन" लिहिलेलं असतं. बहुतेक संचांत ते माइकसाठी असतं. तुमच्या तोंडाशी असलेला वाऱ्याचा आवाज कापून समोरच्याला तुमचं बोलणं स्वच्छ ऐकू जातं. तुमच्या कानावर आदळणारा वारा त्यानं कमी होत नाही. हे समजून न घेता लोक हजारो रुपये जास्त मोजतात. वेगाबरोबर आवाज आपोआप वाढवण्याची सोयही असते. ती सोयीची आहे, पण तिची कमाल मर्यादा खाली बांधून ठेवा, कारण आवाज किती चढला ते तुम्हाला कळतसुद्धा नाही.

स्पीकर कानाच्या छिद्रासमोर यायला हवा. बोटभर खाली-वर झाला तरी आवाज पडतो आणि मग तुम्ही बटण वाढवता. दुकानात हेल्मेट घालून, अर्धा तास तसंच बसून बघा. कानाची पाळी दाबली जात असेल तर घाटापर्यंत ती ठणकायला लागेल. जागा करण्यासाठी आतलं थर्मोकोल कापू नका, कवचाला भोक पाडू नका. अपघातात धक्का शोषणारं तेच आहे.

रेंजचं थोडक्यात सांगतो. खोक्यावर एक-दीड किलोमीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या, सरळ रस्त्यावरचं. या लहरी डोंगराच्या आरपार जात नाहीत, त्यामुळे घाटात वळणापलीकडचा मित्र तुटणारच. मेश पद्धतीच्या संचात मधला गडी आवाज पुढे पोचवतो आणि कोणी मागे राहिला तरी बाकीचे जोडलेले राहतात. पाच-सहा जणांच्या गटाला त्याचा खरा उपयोग आहे. पण तुम्ही आणि मागे बसलेली बायको एवढंच असेल, तर त्या किलोमीटरचे पैसे कशाला द्यायचे? गटात फिरत असाल तर मित्रांकडे कार्डो आहे, सेना आहे की बंगळुरूची ब्लूआर्मर, ते आधी विचारा. वेगवेगळ्या कंपन्यांचे संच एकमेकांशी पूर्ण जमवून घेतीलच असं नाही.

आपल्याकडच्या पावसासाठी आयपी67 दर्जा बघा. आणि संच वाचला तरी कान भिजतोच. ओलं अस्तर आणि ओले प्लग यांमुळे कानात बुरशी झालेले रुग्ण मी दर पावसाळ्यात बघतो. आधी खाज, मग ठणका, मग ओला पांढरा-काळा मळ. अस्तर वाळवा, प्लग दर वेळी नवे घ्या, मित्राचे वापरू नका, आणि खाजलं म्हणून कानात तेल ओतू नका. पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल, तर प्लग घालण्याआधी दाखवा.

आता फोनबद्दल. 1997 मध्ये टोरोंटोतल्या वाहनचालकांवर झालेल्या रेडेलमायर आणि तिब्शिरानी यांच्या अभ्यासात फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या उपकरणानं तो कमी झालेला दिसला नाही. ते मोटारीतले चालक होते. दुचाकीवर तर तोल सांभाळण्याचं कामही आपलंच. फोनवरच्या माणसाला तुमच्यासमोर आडवी आलेली म्हैस दिसत नाही, तो बोलतच राहतो. मागे बसलेल्याला ती दिसते आणि तो गप्प होतो, किंवा ओरडतो. त्यामुळे इंटरकॉम चालू, फोन बंद, असा सेट करता येणारा संच बघा. दुकानदाराला हे करून दाखवायला सांगा.

या यंत्राचा मला सर्वांत मोठा उपयोग वाटतो तो मागच्या माणसासाठी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला घाम फुटतो, हात थरथरतात, आणि पाठीवर थापा मारण्याइतकं भानही कधी राहत नाही. "जरा थांब, कसंतरी होतंय" हे चार शब्द वेळेवर पुढच्याच्या कानात पडले, तर गाडी बाजूला घेऊन साखर देता येते. कमरेचा त्रास असणाऱ्यांनाही दर तासाला थांबायला सांगता येतं. नुसत्या एवढ्यासाठीही दोघांचा साधा संच घेण्यासारखा आहे.

राईडनंतरची शिट्टी किंवा दडे दोन दिवसांत गेले नाहीत तर ऑडिओग्राम करून घ्या. आणि एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर मळ असेल म्हणून आठवडाभर थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. त्यावर स्टेरॉईडची औषधं असतात आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितका उपयोग होण्याची शक्यता जास्त.